पोटाला विरजण

माझ्या सासूबाई ओरडून बोलतात. लग्न होऊन आले त्या दिवशी त्या "चहा घे गं!" म्हणाल्या, तेही इतक्या जोरात की मी कप घ्यायच्या ऐवजी दोन पावलं मागे सरकले. पुढचे आठ महिने मी एकच धरून बसले, की बाईंना मी डोळ्यांसमोर नको आहे. मीही काही तोंडाने कमी नाही, पण नवी सून म्हणून दात आवळून गप्प बसायची.

घरामागे त्यांचा चार गायींचा गोठा. नवरा गाडीवरून दूध पोचवतो, मी शाळेत विज्ञान शिकवते आणि गोठा मात्र सासूबाईंचा. चाळीस वर्षं. त्यात कुणाची ढवळाढवळ चालत नाही. सकाळी चहाच्याही आधी त्या प्रत्येक गायीच्या डाव्या कुशीला कान लावायच्या. मग शेण बघायचं, चिमटीत घेऊन वाससुद्धा घ्यायचा. (त्याच हाताने चहा नाही हं, हात धुवायच्या!) मग बादली पालथी घालून तिच्यावर बसायचं आणि रवंथ मोजायचा. गायीच्या गळ्यातून गोळा वर आला की एक, दोन, तीन... पन्नासच्या वर चावलं की गाय ठणठणीत. गाय विकत घ्यायची तर आजूबाजूचे लोक आधी सासूबाईंना न्यायचे. त्या पोटाला कान लावायच्या आणि म्हणायच्या, "घे" किंवा "चल घरी."

एकदा त्या एका रात्रीपुरत्या बहिणीकडे गेल्या. जाताना मला बजावलं, "खुराक एकेक डबाच घालायचा! जास्त नाही!" सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. मला राग आला. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

आता चारांतली ठमी म्हणजे सासूबाईंचा जीव की प्राण. आई मेलेली कालवड त्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवली होती. दुपारी ती माझ्याकडे बघून अशी काही मान हलवायला लागली की मला दया आली. शिवाय डोक्यात विज्ञान! गायीच्या पोटाला चार कप्पे, हे मी दरवर्षी फळ्यावर काढते. चार कप्पे असणाऱ्या बाईला एक डबा कसा पुरेल? भरडलेल्या धान्याची अख्खी बादली मी तिच्यापुढे ठेवली. उंटावरची शहाणी, दुसरं काय! ठमीने बादली चाटूनपुसून साफ केली आणि मी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमी मान खाली घालून उभी. डावी कूस टम्म, शेण पातळ आणि आंबूस. वैरणीकडे बघेना, रवंथ तर नाहीच. गुरांच्या डॉक्टरांना फोन केला, तर ते बाहेरगावी. म्हणाले, "खायचा सोडा पाण्यातून पाजा, खुराक बंद, नुसतं वाळलं गवत ठेवा. उद्या येतो. तोवर पोट हलायला लागलं तर जिंकलो."

मी सोडा पाजून होतोय तोच नऊच्या बसने सासूबाई आल्या. पिशवी खाली न ठेवताच त्या ठमीजवळ गेल्या आणि कुशीला कान लावला. बराच वेळ. मग दुसरा कान. मग उठून जहांबाजच्या कुशीला लावला. जहांबाज म्हणजे आमची लाथाळ गाय, तिला कधी सर्दीसुद्धा होत नाही. तिथून त्या आल्या आणि बादलीवर बसल्या.

"मला ऐकू येत नाही गं."

"म्हणजे पोट बंद पडलंय?"

"अगं, जहांबाजचंही ऐकू येत नाही. वर्ष होत आलं. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला कोण विचारणार होतं?"

आठ महिने मी ज्याला ओरडणं म्हणत होते, ते हे होतं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी सगळं कबूल केलं. बादली, चार कप्पे, सगळं.

"अख्खी बादली?" सासूबाई म्हणाल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "मीही माझ्या पहिल्या गायीला असंच लाडाने घातलं होतं. ती गेली. ही जाता कामा नये. चल, तू ऐक."

मी जन्मात पहिल्यांदा गायीच्या पोटाला कान लावला. आधी जहांबाजच्या. आत कुणीतरी जड कपाट सरकवल्यासारखं गुडगुड गुडगुड. मिनिटभरात पुन्हा तेच. मग ठमीच्या. काहीच नाही. मी घड्याळ लावून दोन मिनिटं ऐकलं. माझ्याच छातीची धडधड तेवढी.

"आता विरजण लावायचं," सासूबाई म्हणाल्या.

"दह्याचं?"

"पोटाचं! गवत काय गाय पचवते? आतले जीव पचवतात. धान्य आंबलं, ते मेले. जहांबाजचे आणून हिच्यात सोडायचे."

हे तर माझ्याच पुस्तकात होतं! फक्त असं करता येतं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. सासूबाई जहांबाजसमोर दबा धरून बसल्या. गळ्यातून गोळा वर सरकताना दिसला, की जबड्याच्या बाजूने, जिथे दात नसतात तिथून, हात आत आणि रवंथाचा घास बाहेर. पहिल्या वेळी जहांबाजने त्यांना शिंगाने ढकललं. दुसऱ्या वेळी मला लाथ. तिसऱ्या वेळी हिरवागार, ऊन ऊन गोळा हातात! असे पाच चोरले. जहांबाज दर वेळी रिकामं तोंड हलवायची आणि आमच्याकडे अशी बघायची, की एवढ्या काळजीतही आम्हाला हसू आवरेना. गोळे कोमट पाण्यात कालवून, गाळून, बाटलीने गालाच्या कडेने ठमीला घोट घोट पाजले. संध्याकाळी पुन्हा तेच.

रात्र कशी गेली ते विचारू नका. उजाडताच मी ठमीच्या कुशीला कान लावला. काही नाही. श्वास धरला. आणि खोल आतून एक कपाट सरकलं.

"आई, वाजतंय!"

"काय?"

"वाजतंऽऽय!" मी अशी ओरडले की समोरच्या घरातला दिवा लागला.

सासूबाई बादली ओढून ठमीसमोर बसल्या. गळ्यातून गोळा वर आला. एकतीसवर ठमीने गिळला. पुढचा बेचाळीस. त्यानंतरचा त्रेपन्न. त्रेपन्नला सासूबाईंनी माझा हात इतका दाबला की बांगडी वाकली. डॉक्टर आले तेव्हा ठमी गवत ओढत होती आणि आम्ही दोघी चहा पीत होतो. हात धुऊन.

आता रोज सकाळी मी चौघींच्या कुशीला कान लावते आणि ओरडून सांगते, आणि सासूबाई ओरडून विचारतात. परवा शेजारी नव्याने राहायला आलेल्या काकू, आमचं रोज भांडण होतं असं वाटून, समजूत घालायला आल्या. "अहो, सुनेशी जरा जमवून घ्या," त्या सासूबाईंना हळूच म्हणाल्या.

सासूबाईंना अर्थात ऐकू गेलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या कानाशी जाऊन सगळं मोठ्याने सांगितलं.

"हिच्याशी?" सासूबाई गल्लीभर ऐकू जाईल अशा ओरडल्या. "अहो, हिच्यावाचून माझा गोठा बहिरा आहे!"