दोन चुलींची खोली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा भलतंच काहीतरी पुटपुटते. मग तुम्हालाच का सांगते आहे? — खरंच माहीत नाही.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. घाटकोपरच्या चाळीत आमची एक खोली आणि तिच्यात दोन चुली. एक माझी, दुसरी थोरल्या जावेची. खोली मुळात तिच्या नवऱ्याची. आम्ही मागाहून आलेलो — उपरे आम्हीच. थोरले दीर छातीच्या दुखण्याने गेले आणि चाळमालकाचा भाडं वसूल करणारा मेहता खोली कुणाच्या नावावर करायची ते बघायला येणार असं कळलं. चाळीत तेव्हा एकच खूण मानत: जिची चूल, तिचं बिऱ्हाड.

जावेला मूलबाळ नव्हतं. मला दोन मुली, तिसरं पोटात. पण ही सबब झाली. मला खोली हवी होती — अख्खी.

मेहता यायच्या दिवशी सकाळी नवरा कामावर गेला आणि मी तिची चूल फोडली. वर पेज रटरटत होती. वरवंट्याचा पहिला घाव बसला, मडकं फुटलं, पेज तिच्या पायांवर सांडली. ती किंचाळली. मी थांबले? नाही — मला जोर चढला. तिने माझे केस धरले. "अगो, माझी चूल फोडतंस? मी खंय जाव?" मी वरवंटा तिच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला. त्यानंतरही मी आणखी एकदा हाणला. तो घाव कशासाठी होता?

जिला कायम 'तुम्ही' म्हणत आले, तिला म्हणाले, "तोंड उघडलंस तर दुसरा हातही फोडीन." माती उचलून फेकली, जागा शेणाने सारवली. मेहता आला तेव्हा ती हात पदरात घेऊन गॅलरीत बसली होती.

"ये बाई इकडेच राहते काय?"

"छे, गावाहून आल्यात. पाहुण्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. नवरा परतायच्या आत मी तिला ढकलत जिना उतरवून चाळीबाहेर काढलं. त्याला सांगितलं, शिव्याशाप देऊन गावी निघून गेली. तो मरेपर्यंत तिला नावं ठेवत होता.

गावी तरी तिचं कोण होतं? ती स्टेशनाबाहेरच्या फुटपाथवर राहिली. लोकांच्या भाकऱ्या थापून पोट भरणारी बाई. वाकड्या हाताला काम कोण देणार? मी रस्ता बदलून भाजीला जायचे. एकदा फुटपाथ मोकळा करायला माणसं आली. त्यांनी तिची भांडी लाथाडली, झिंज्या धरून तिला फरफटत नेलं. ती डाव्या हाताने बोचकारत होती. मी पदराआडून बघत होते, आणि मला हायसं वाटलं. हो — हायसंच.

वर्षभराने हवालदार चाळीत आला. फुटपाथवर एक बाई मेली होती, मरताना तिने या चाळीचं नाव घेतलं होतं म्हणे. उजवं मनगट वाकडं, पायांवर भाजल्याचे डाग. तो दारोदार विचारत माझ्या दाराशी आला.

"वळखता का बाई? नायतर बेवारस म्हणून जाईल."

मी नाही म्हणून मान हलवली.

"निदान नाव तरी?"

तिचं नाव यशोदा होतं. मी म्हणाले, "माहीत नाही."