मावशीचा डोंगर

आमच्या बसच्या कंडक्टर बाईंचा आवाज असा खणखणीत, की शेवटच्या बाकावर घोरणारा माणूसही आपला थांबा चुकवत नसे. फक्त ‘सेनापतीचा सुळका’ आला की त्या नाव पुटपुटून मोकळ्या होत.

त्यांच्या सासूबाईंचं घराणं मूळचं त्या डोंगराच्या पायथ्याचं. फार पूर्वी एका सेनापतीनं तिथली वस्ती जाळली, उरलेल्यांना हाकलून दिलं, आणि वर डोंगराला त्याचंच नाव मिळालं. त्याआधी तिथले लोक डोंगराला मावशी म्हणत. उन्हाळ्यात सगळीकडचं पाणी आटलं तरी तिच्या पायथ्याचा झरा आटायचा नाही, म्हणून.

एकदा सासूबाई दवाखान्यात जायला याच बसमध्ये बसल्या. थांबा आला, सुनेनं नाव पुकारलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. ते बाईंच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी बस दणाणली, “चला, मावशीला कोण उतरणार?”

“कुणाची मावशी?” एका गवंड्यानं विचारलं.

“तुमची, माझी, सगळ्यांची,” असं म्हणत बाईंनी तिकिटं फाडता फाडता सगळी हकीकत सांगून टाकली.

तक्रार व्हायची ती झालीच. डेपो मॅनेजरांनी बोलावून घेतलं. “बाई, पाटीवर असेल तेच पुकारायचं.”

“साहेब, बाकी काहीही सांगा. त्या माणसाचं नाव आता माझ्या तोंडून निघायचं नाही.”

साहेबांनी त्यांना बसवरून काढून चौकशीच्या खिडकीत बसवलं. पण गोष्ट तोवर प्रवाशांच्या तोंडी गेली होती. नवा कंडक्टर पार वैतागला. जो तो म्हणे, “एक मावशी द्या!” कॉलेजच्या मुली म्हणत, भाजीवाल्या म्हणत, आणि ज्यानं तक्रार केली त्याची बायकोसुद्धा! शेवटी नगरपालिकेला सभा घ्यावी लागली.

सभेत एक वकील तावातावानं म्हणाले, “असं नाव बदलून इतिहास पुसता येत नाही!”

बाई उठल्या. माइक त्यांना लागलाच नाही. “पुसायचा कोण म्हणतंय? त्यानं काय केलं ते पुस्तकात चांगलं खुलासेवार लिहा. आजवर तेवढंच लिहायचं राहिलंय. पण ज्यांची घरं जाळली, त्यांच्याच डोक्यावर त्याचा मान कशाला?”

मग एक हात वर गेला, मागोमाग दुसरा, आणि बघता बघता अर्ध्याहून जास्त सभागृह हात वर करून उभं राहिलं. वकिलांच्या शेजारचा कारकूनही!

नवी पाटी लागली त्या दिवशी दोन बसगाड्या भरून माणसं आली. जरा ओशाळलेले मॅनेजरही आले आणि बाईंना म्हणाले, “उद्यापासून तुमची बस तुम्हीच सांभाळा.” सासूबाई सुनेचा हात धरून झऱ्यापर्यंत चालत गेल्या, वाकून ओंजळभर पाणी प्यायल्या आणि मागे वळल्या.

“नुसते बघत काय उभे राहिलात? या, प्या पोटभर!”

वकील सोडून सगळे वाकले.