चहाआधीचा अर्धा तास

"मंदा उठत न्हाय गं..." दादा फोनवर एवढंच म्हणाला. मी भिवंडीत लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या लावत होते. आमच्या घरात हे वाक्य वर्षानुवर्षं टोमणा म्हणूनच ऐकलं होतं. आवाजावरून कळलं, आज तो टोमणा नाही. मंदा वहिनी न्यूमोनियातून उठून नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले होते. गावी, दिघाशीला पोचले तोवर अंगण माणसांनी भरलं होतं.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते. हसरी, चटपटीत. दोन-तीन वर्षांत ती मंदावत गेली. चुलीपुढं बसल्या बसल्या डोळा लागायचा, भात करपायचा. आई म्हणायची, "म्हशीला हाक मारली तं ती उठते, ही न्हाय उठत." गळ्यातली काळी पोत आवळायला लागली, तर आईनं ती दोनदा वाढवून ओवून आणली. "माहेरचं तूप चढलंय," म्हणाली. सगळ्यांनी पोत बघितली, गळा कुणी बघितला नाही. मग कॉलेजात मॅडमनी फळ्यावर थायरॉइड ग्रंथी काढली आणि मला ती पोतच आठवली... वहिनीला घेऊन रक्त तपासायला गेले. हाशिमोटोचा आजार निघाला. म्हणजे शरीराची राखण करणारी ताकदच गळ्यातल्या ग्रंथीवर उलटलेली. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी आणि त्यानंतर अर्धा तास चहा नाही. वहिनी चहाची भारी शौकीन. दादा शेलार गावातल्या कापडाच्या लूमवर जाणारा, चहाशिवाय डोळे न उघडणारा. तरी म्हणाला, "मंग कोनीच न्हाय प्यायचा." तेव्हापासून आमचं सगळं घर अर्धा तास थांबायचं. आई कुरकुरायची, पण थांबायची.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. पुढं बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, हे अभिमानानं सांगते. कॉलेजचा माझा डबा वहिनीच करायची, कधी भिंतीला टेकून, कधी बसून. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "काय कालेजवाली, माजंच अंग माज्यावर का उठलं, ते न्हाय शिकवत का तुला?"

मी चुलीकडं बोट दाखवलं. म्हटलं, हॉर्मोन बनवायचं तर ग्रंथीला आत जाळ लागतो, हायड्रोजन पेरॉक्साइडचा. तो ती स्वतःच तयार करते. जास्तीचा जाळ आवरायची सोयही तिच्यातच असते. ती सोय कमी पडली की आतल्या पेशी होरपळतात, याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. होरपळलेलं घर राखणदाराला ओळखू येत नाही, तो परकं समजून हल्ला करतो. आधी जाळ की आधी हल्ला, हे अजून पक्कं ठरलेलं नाही. घराण्यातून येणारा भागही असतोच.

"राखनदार बी आपलाच का?"

"आपलाच."

"मंग जावयासारका हाय. खातो बी इथंच आन् नावं बी इथंच ठेवतो." हसली. मग भाकरी उलटून हळूच म्हणाली, "म्हंजे मी आळशी हाय म्हनून न्हाय ना झालं?"

"नाही वहिनी."

"मंग येवढं आईंना सांग. तुजं ऐकतील."

मी सांगितलं. आई म्हणाली, "आमच्या टायमाला न्हवतं असलं कायी." आणि विषय तिथंच संपला. वहिनीनं पुन्हा कधी काढला नाही.

थायरॉइडनंच तिचं हृदय थकलं असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडं नाही. पण ती आळशी नव्हती, याचा पुरावा माझा रोजचा डबा होता.

दहाव्याला शेजारच्या काकी म्हणाल्या, "बिचारी, निम्मा जन्म झोपेतच गेला." आई खाली मान घालून बसली होती. तशीच म्हणाली, "झोपेत न्हाय गो. आजारी होती ती. अंगात जाळ होता तिच्या, तरी बी सगल्यांचं करून गेली." ज्या माणसानं हे ऐकायला हवं होतं, ते नव्हतं.

परवा मी घरी राहिले. दादा सकाळी उठला, वहिनी गोळी घ्यायची तो पितळी पेला पाण्यानं भरून खिडकीत ठेवला आणि ओट्याजवळ बसून राहिला. आई आधीच उठून बसली होती. मी गॅस पेटवायला गेले.

"थांब जरा," आई म्हणाली. "अर्धा तास व्हायचाय अजून."