पुरुषोत्तमकाकांचा रुमाल

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मराठी मंडळींत पुरुषोत्तमकाकांना कोणी पुढारी नेमलेलं नव्हतं. ते आपले आपणच झाले होते. चिप कंपनीतून रिटायर झाल्यावर हुकूम सोडायला घरात फक्त पद्मिनीकाकू उरल्या, आणि त्या ऐकत नसत. मग काकांनी सहलींचं खातं हाती घेतलं. जवळची पिकनिक असो की लांबची ट्रिप, नियम एकच: बस कोणासाठीही थांबणार नाही. शिवाय एसटीच्या काळातली एक सवय होती. बस दिसली की पुढच्या खिडकीच्या सीटवर रुमाल टाकायचा. मग ती सीट काकांची, तिथे देवही बसू शकत नसे.

यंदा त्यांनी सगळ्यांना शांघायला नेलं. पहिल्याच दिवशी मंडळींतला मूळ नागपूरचा देवदत्त टॉयलेटच्या रांगेत अडकला आणि काकांनी खुशाल बस सोडायला लावली. बिचारा टॅक्सी करून हॉटेलवर आला.

"काका, पाच मिनिटं थांबायचं ना यार!"

"रूल इज रूल," काका म्हणाले आणि सूप भुरकत राहिले.

दुसऱ्या दिवशी मंडळी एक जुनी बाग बघत होती. तळ्यातले तेच ते मासे बघून काकांना कंटाळा आला. फोन काकूंच्या पर्समध्ये, तो तिथेच ठेवून ते कोणाला न सांगता सीट धरायला बाहेर पडले. बाहेर पांढऱ्या बसची ही लांब रांग. त्यांतल्या एकीत चढून काकांनी रुमाल टाकला, वर स्वतः बसले आणि घोरायला लागले.

जाग आली तेव्हा बस चालू होती आणि आत सगळ्या चिनी आज्या. एकही ओळखीचं टक्कल दिसेना. शेजारच्या आजीने हसून त्यांच्या ओंजळीत सूर्यफुलाच्या बिया ओतल्या. काकांना रडू यायच्या बेतात होतं, पण बिया झकास खारट होत्या, म्हणून आधी त्या खाल्ल्या.

नशिबाने ती बस नदीकाठी थांबली. आपल्या मंडळींचा पुढचा स्टॉपही तोच होता, म्हणून काका रुमाल खिशात कोंबून उतरले. पलीकडे उंच टॉवर चमकत होते, पण काकांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते येणाऱ्या प्रत्येक बसकडे बघत होते. आपली बस आपल्याला सोडून कधीच पुढे गेली असणार. नियम आपलाच. देवदत्तने तर टाळ्या वाजवल्या असतील. परक्या गावात, खिशात फोन नाही, काका मनातून घाबरले.

बऱ्याच वेळाने बस आली. खिडकीत काकू दिसल्या, काकांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तोंड सुटलं. "एवढा लेट! काही शिस्त आहे की नाही?"

"अहो, गप्प बसा," काकू उतरता उतरता कडाडल्या. "गाइड निघायचं म्हणत होती. हा देवदत्त दारात आडवा उभा राहिला, काकांशिवाय बस हलणार नाही म्हणून. मग सगळी बाग पालथी घातली त्याने. शेवटी पुढच्या स्टॉपवर बघू म्हणून निघालो."

मागून देवदत्त उतरला. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. "तळ्यात पण डोकावलो काका, सिरियसली."

 काकांनी खिशातला रुमाल काढून पुढे केला. देवदत्तने तोंड पुसलं, मान पुसली, बगलाही पुसल्या.

परत निघताना काका सवयीने घाईघाईने बसमध्ये चढले. पुढच्या खिडकीच्या सीटवर त्यांचाच ओला रुमाल अंथरलेला होता. काका मुकाट्याने मागे जाऊन बसले.