मोठ्या गुरुजींची आणेवारी

मास्तरांची लायकी मोजण्याचं यंत्र जगात पहिल्यांदा कोणी शोधून काढलं असेल तर ते आमच्या मोठ्या गुरुजींनी, आणि त्या यंत्रात सापडून पहिल्यांदा कोणाचा चुरा झाला असेल तर तोही त्यांचाच. सरकार नंतर आलं. सरकार नेहमी नंतरच येतं आणि येताना छापील तक्ता घेऊन येतं.

सिहोऱ्यापासून दोन कोसांवर, तळ्याच्या पाळीखाली आमची सातवीपर्यंतची शाळा होती आणि मोठे गुरुजी तिचे हेडमास्तर. मी तिथे रुजू झालो तेव्हा माझ्या पिशवीत अध्यापनाचं प्रमाणपत्र होतं आणि डोक्यात आपल्याला शिकवता येतं असा समज. मोठ्या गुरुजींनी प्रमाणपत्राकडे बघितलंसुद्धा नाही. "हे बियाण्याचं पाकीट झालं," ते म्हणाले. "सात-आठ वर्षांनी सांगीन तुमी मास्तर हाय का नाई ते." एवढं बोलून त्यांनी कपाटातून एक लांबट वही काढली, नव्या पानावर माझं नाव लिहिलं आणि त्यापुढे पेन्सिलीनं एक मोठी रिकामी जागा सोडली. पेन्सिलीनं का, हे मला पुढे कळलं. त्या वहीत कोणाचंच काही कायम नसे.

ही वही म्हणजे मास्तरांची आणेवारी. धानाच्या मुलखात आणेवारी कोणाला सांगावी लागत नाही, पण पुस्तकं वाचणाऱ्या शहाण्यांसाठी सांगतो. दरसाल सरकारी माणूस बांध्यांवरून, म्हणजे धानाच्या खाचरांवरून, फिरतो आणि गावाचं पीक किती आणे आलं ते ठरवतो. सोळा आणे म्हणजे भरघोस. सहा आण्यांच्या खाली गेलं तर शेतसाऱ्यात सूट. नाण्यांतून आणे जाऊन किती वर्षं झाली, पण पिकातून गेले नाहीत आणि मोठ्या गुरुजींच्या वहीतून तर मुळीच नाहीत. फक्त त्यांच्याकडे पीक म्हणजे पोट्टे आणि शेतकरी म्हणजे आम्ही. बारा आण्यांच्या वर ते कोणालाही चढू देत नसत. एकदा मी धीर करून कारण विचारलं. "चार आणे पाखरं, उंदीर आन् देवाचे," त्यांनी सांगितलं. "तुमी काय देवाहून मोठे हाय काय?"

बरं, वार्षिक परीक्षेचे निकाल बघून आणे लिहिले असते तर आम्ही कसेही निभावून नेले असते; त्या विद्येत आमच्यातला प्रत्येक जण पारंगत होता. पण परीक्षेवर मोठ्या गुरुजींचा काडीचा विश्वास नव्हता. धान उभं असताना डोलतंच, खरं काय ते खळ्यात कळतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते शाळा सोडून गेलेल्या पोरांची परीक्षा घेत, आणि तीही गाठतील तिथे. सिहोऱ्याच्या बाजारात वांगी निवडणाऱ्या बाप्याला ते मागून विचारत, "वैनगंगा कोन्या दिशेनं वाहते रे?" त्याच्या हातातलं वांगं खाली पडे आणि कुठल्या तरी गुरुजींचा एक आणा. एकदा तर वरात अडवली. नवरदेव आमचाच माजी विद्यार्थी. मोठ्या गुरुजींनी त्याला बाशिंग वर करायला लावलं आणि तेराचा पाढा म्हणायला सांगितलं. बिचारा तेरा नव्वेला अडकला. वाजंत्री थांबली, करवल्या खुसखुसू लागल्या, आणि ज्या गुरुजींनी त्याला पाढे शिकवले होते ते पंगतीत बसायच्या आधीच दोन आण्यांनी खाली आले. जेवण मात्र त्यांनी सोडलं नाही. मास्तर होते ते.

सासरी गेलेल्या मुलींचं काय करायचं, हाही प्रश्न त्यांनी सोडवला होता. पोस्टमनला ते शाळेच्या दारात थांबवत आणि मुलींनी माहेरी पाठवलेल्या पाकिटांवरचे पत्ते तपासत. आतला मजकूर वाचणं हे पाप आणि बाहेरचा पत्ता वाचणं ही तपासणी, असा त्यांचा चोख हिशेब. माझ्या हाताखालून गेलेल्या एका पोरीचं साकोलीकडून पत्र आलं. गाव होतं, तालुका होता, जिल्हा होता, पण बापाचं नाव असायला हवं तिथे नुसतं "माझ्या बाबाले द्या" एवढंच. पत्र पोचलं, कारण पोस्टमननं अक्षर ओळखलं. त्या दिवशी मी सातावरून पाचावर आलो, आणि पोस्टमनला शिकवणारे गुरुजी एका आण्यानं वर गेले. हा न्याय कुठल्या शास्त्रात बसतो ते मला आजही ठाऊक नाही.

इतका छळ सोसून आम्ही त्यांच्यावर जीव का टाकत होतो? कारण स्वतःच्या पानावर ते चारच्या वर कधी गेले नाहीत, आणि धान रोवण्याच्या दिवसांत पोरं शाळेत येईनाशी झाली की हा माणूस चिखलातून बांधीवर जाऊन पाढे म्हणवून घेई. त्यांना निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि एकच हाव होती. त्या वर्षीची चौथी त्यांनी पहिलीपासून स्वतः शिकवली होती. "या पोट्ट्याईची सातवी पायतो आन् मंग जातो," असं ते येताजाता म्हणत. हाव म्हणून एवढीच.

तेवढ्यात तालुक्याहून परिपत्रक आलं. साहेब शाळोशाळी येऊन मुलांना प्रश्न विचारणार, उत्तरांवरून गुरुजींचं आणि हेडमास्तरांचं मूल्यमापन करणार, आणि निम्म्या मुलांनाही काही येत नसेल तर हेडमास्तरांची बदली करणार. सगळ्या शाळांत सुतक पसरलं. आमच्याकडे मोठे गुरुजी नव्या नवरीसारखे हरखले. आपण इतकी वर्षं एकट्यानं करत आलो ते आता सरकारला पटलं, या आनंदात त्यांनी चावडीवर गाव गोळा केलं आणि सांगितलं, "साहेब येईन, पोट्ट्याईले पायीन आन् माह्यी मोजणी करीन. जे दिसन तेच कागदावर चढन." गावानं गंभीरपणे माना डोलावल्या. गाव माना डोलावतं तेव्हा माणसानं सावध व्हायला हवं, पण आम्ही शिकलेले लोक.

साहेब आले. चौथीचा वर्ग उभा राहिला. वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी, जी दुकानातून आलेल्या पुडीचा कागदही सोडत नसे, तिला त्यांनी धडा वाचायला सांगितला. तिनं पुस्तक उलटं धरलं आणि त्याच्याकडे फार निरागसपणे बघत राहिली. दुसऱ्याला तेराचा पाढा विचारला. तो म्हणाला, "तुमीच सांगा जी." सूर्य कुठून उगवतो, या प्रश्नावर तिसऱ्यानं "आमी तवा उठत नाई" असं प्रांजळ उत्तर दिलं. जवळची मोठी नदी कोणाला सांगता आली नाही. साहेबांची लेखणी सरसर चालत होती. मोठे गुरुजी फळ्याला टेकून उभे होते आणि त्यांचा चेहरा मला बघवेना.

साहेब ऑफिसात चहा प्यायला बसले तेव्हा मी मागच्या पडवीत गेलो. तिथे सरपंच तोंडभर हसत उभे. "काय जी गुर्जी, झालं ना काम? मोठ्या गुर्जीची सूट पक्की!"

"कसली सूट?"

"आता कसली म्हंता! गुर्जी तं भोळा मानूस. साहेब मोजाले आला का कमीच दाखवा लागते, हे त्याईले कोन सांगन? मांगच्या साली एकानं मोठेपणा करून तळ्याखालची पिकलेली बांधी दाखवली, तं साऱ्या गावाची सूट गेली. म्हून आमी पोट्ट्याईले चार दिवस घोकवलं, काहीच येत नाई म्हना."

मी ऑफिसाकडे धावलो. दारात मोठे गुरुजी आडवे आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"साहेबांना आत्ताच्या आत्ता सांगतो," मी म्हणालो. "पुन्हा परीक्षा घेऊ द्या. पोरं धडाधडा बोलतील."

"काय सांगसान? गाव साहेबाले फसवते म्हून?" ते हळू आवाजात म्हणाले. "हे एकदा कागदावर चढलं, तं उद्या धान खरंच बुडालं तरी कोन इस्वास ठेवीन यांच्यावर? चूप बसा."

"पण तुमची बदली होईल. या पोरांची सातवी?"

ते आत गेले आणि साहेबांना विचारलं, "चहात साखर बरोबर झाली ना जी?" मी बाहेर उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं.

महिनाभरात हुकूम आला. साकोलीच्या पलीकडे, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून एक दोन वर्गांची शाळा होती, तिथे. सकाळच्या एसटीला निरोप द्यायला अख्खं गाव जमलं होतं आणि सरपंच खाली मान घालून सगळ्यांच्या मागे उभे होते. मोठे गुरुजी खिडकीशी बसले. तेवढ्यात ती उलट्या पुस्तकाची पोरगी पुढे झाली. "गुर्जी, साहेबानं इचारलं होतं, ते सांगू काय?" आणि तिनं अख्खा धडा पुस्तक न उघडता म्हटला. मग एकानं सूर्य उगवला, आणखी एकानं वैनगंगा वाहवली, आणि शेवटी सगळ्या चौथीनं मिळून तेराचा पाढा धरला. कंडक्टरनं घंटीची दोरी हातात धरून ठेवली होती, पण ओढली नाही. तेरा नव्वेला निम्मी पोरं रडत होती, त्यामुळे एकशे सोळा झाले. खिडकीतून डोकं बाहेर आलं. "एकशे सतरा! एक कुठं सांडला?"

गाडी हलली. मी सोबत धावत वेड्यासारखं विचारलं, "गुरुजी, माझे किती आणे?"

"पीक उभं हाय अजून," ते ओरडले. "वही कपाटात हाय. आपलं पीक आपून मोजू नोका!"

नियम सांगणारे गुरुजी स्वतःचं पान मात्र आयुष्यभर मोजत आले होते, हे मला गाडी दिसेनाशी झाल्यावर आठवलं. पुढे त्यांची पत्रं येत. चौथीतला कोण कुठे आहे, कोणाचं लग्न ठरलं, कोण शिकतो आहे, एवढीच विचारपूस त्यांत असे. माझ्या आण्यांचा उल्लेख नसे. मग पत्रं यायची थांबली आणि काही दिवसांनी कारण कळलं.

आता त्या खुर्चीवर मी बसतो. तक्ते दरसाल येतात, रकाने वाढत चालले आहेत आणि ते भरायला मी चांगलाच शिकलो आहे. परवा पोस्टमननं एक पाकीट दाखवलं, उलट्या पुस्तकाच्या त्या पोरीचं, सासरहून बापाला आलेलं. नाव, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, सगळं सुवाच्य आणि जागच्या जागी. पाचवी ते सातवी ती माझ्याच वर्गात होती. मी कपाटातून वही काढली. माझ्या पानावर त्यांच्या पेन्सिलीचे पाच आणे अजून तसेच आहेत. पेन्सिल हातात घेतली आणि खाली ठेवली. मग पोस्टमनला पाकीट परत दिलं आणि वही मिटून ठेवली. ते असते तर किती म्हणाले असते, एवढंच मला कळायला हवं होतं.