डॅनिश निळी, तमिळ लाल

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात आमच्या मुलींच्या शाळेचं प्रदर्शन होतं. मी भूगोल शिकवायची. मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, "जगातल्या भाषांवर काहीतरी कर. कोणती कुठं बोलतात ते मुलींना कळू दे." दोन वर्षांपूर्वी नागपूरची राजधानी गेली, तेव्हा हिंदी बोलणारे कितीतरी कारकून बिऱ्हाडं आवरून भोपाळला गेले होते. वर्गातले काही बाक एकदम रिकामे झाले होते. भाषेपायी माणसं हलतात, हे मुलींना मी न शिकवताच कळलं होतं.

मी डॅनिश आणि तमिळ निवडल्या, कारण दोन्ही बोलणारी माणसं हाताशी होती. धरमपेठेत आमच्या भिंतीला भिंत लागून एक तमिळ गृहस्थ राहायचे, रेल्वेत ड्राफ्ट्समन. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. आणि एका मिशन दवाखान्यात डेन्मार्कची नर्स होती. आईचा मोडलेला हात तिनंच बांधला होता. नागपूरला येण्याआधी ती मद्रासकडे आठ वर्षं राहिलेली. नकाशाच्या कामाच्या पहिल्याच रविवारी आमच्या ओसरीवर ती अण्णांशी सरळ तमिळ बोलायला लागली. अण्णा पेन्सिल खाली ठेवून बघतच राहिले.

जगाचा नकाशा अण्णांनी जाड कागदावर उतरवला होता. डॅनिशला निळा रंग, तमिळला लाल. नर्स सांगायची, अण्णा रंगवायचे. डेन्मार्क, जर्मनीच्या उत्तरेची चिंचोळी पट्टी, फेरो बेटं, मग ग्रीनलंड. ग्रीनलंड भरता भरता निळी बाटली अर्धी झाली.

आई म्हणाली, "केवढा मोठा मुलूख वं बाई तुमचा!"

"तिथे बर्फ आहे, आई," नर्स हसली. "माणसं मूठभर, आणि त्यांची भाषा निराळी. आमची भाषा तिथे कचेरीत चालते."

लाल रंगाचं उलट होतं. मद्रास आणि सिलोनचा उत्तर भाग सोडला तर बाकी नुसते ठिपके. सिलोनातले चहाचे डोंगर, रंगून, मलाया, सिंगापूर, मॉरिशस, दक्षिण आफ्रिकेतला नाताळ प्रांत, फिजी. पण एकेका ठिपक्यात माणसंच माणसं, बहुतेक मळ्यांवर मजुरीला नेलेली.

"आप के लोग साहब बन के गये, हमारे कुली बन के," अण्णा म्हणाले.

"सगळे नाही," नर्स म्हणाली. "अमेरिकेत आमचे शेतकरी पोटासाठी गेले. त्यांची नातवंडं आता डॅनिश बोलत नाहीत."

कोलंबोपाशी अण्णांचा ब्रश थांबला. त्यांची मोठी बहीण तिथं होती. तिचा नवरा सरकारी कचेरीत. तिथल्या सरकारनं बहुसंख्यांची भाषा तेवढी राज्यभाषा केली होती, आणि नोकरीत टिकायचं तर ती शिकणं भाग होतं. "चाळिशीचा माणूस पाटी घेऊन अक्षरं गिरवतो. अक्काला हसू येतं," अण्णांनी सांगितलं.

नर्सला हसू आलं नाही. तिचं गाव जर्मनीच्या सीमेजवळचं. "लहानपणी आई पाव घ्यायला गेली की आधी दुकानात कोण उभं आहे ते बघायची. मग कोणत्या भाषेत बोलायचं ते ठरवायची." मग ती अण्णांना म्हणाली, "बहिणीला लिहा. मुलांना इकडे पाठवून दे म्हणावं."

"अरे, पिढ्यान् पिढ्या तिथं आहेत आमची माणसं," अण्णा म्हणाले आणि कोलंबोवर लाल ठिपका ठेवला.

प्रदर्शन छान झालं. एप्रिलमध्ये अक्काचं पत्र आलं. दुकानांच्या पाट्यांवरच्या तमिळ अक्षरांना डांबर फासतायत, आमच्या दारावरच्या नावालाही फासलं, यापुढं पत्र इंग्रजीत लिही. हे पत्रही इंग्रजीतच होतं. अक्काला इंग्रजी येत नव्हतं. मजकूर कोणाच्या तरी हातचा, खाली फक्त तिची सही.

मे महिन्यात पत्रं बंद झाली. अण्णा रोज संध्याकाळी बातम्या ऐकायला आमच्याकडे यायचे. सिलोनात दंगली, आणीबाणी, एवढंच कळायचं. त्यांनी तीन तारा केल्या, उत्तर नाही. आई विचारायची, "काहून वं, आजबी काही नाही सांगितलं का त्यानं?" मी रेडिओ बंद करायची. उन्हानं तापलेल्या ओसरीवर अण्णा तसेच बसून राहायचे.

जुलैत अक्काचं कार्ड आलं. सरकारनं त्यांना बोटीत घालून बेटाच्या उत्तरेला पोचवलं होतं. पावसाळा संपता संपता अक्का, तिचा नवरा आणि दोन मुली नागपूरला आल्या. सामान म्हणजे एक ट्रंक.

काय घडलं ते अक्काच्या नवऱ्यानं एकदाच सांगितलं, तेही अण्णांच्या तोंडून. जमावानं बस अडवली होती. एकेका पुरुषाच्या हातात तिथल्या भाषेतलं वर्तमानपत्र द्यायचे आणि म्हणायचे, वाच. अक्काच्या नवऱ्यानं दोन ओळी वाचल्या, सफाईनं. जा म्हणाले. शेजारी त्याच्याच कचेरीतला माणूस बसलेला. त्यानं हट्टानं ती भाषा शिकली नव्हती. तेच वर्तमानपत्र त्याच्या हातात दिलं.

"मग?" मी विचारलं.

अण्णांनी प्रश्न तमिळमध्ये सांगितला. अक्काचा नवरा उठून आत गेला.

आठवड्याभरानं तो माझ्याकडे आला आणि मराठी पहिलीचं पुस्तक मागून घेऊन गेला. दिवाळीपर्यंत तो वाचायला लागला. पुढं एका खाजगी कंपनीत टायपिस्ट झाला, तरी रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन आमच्या ओसरीवर यायचा, अर्धा कॉलम मोठ्यानं वाचायचा आणि विचारायचा, "कुठं अडखळलो?"

एकदा मी न राहवून म्हटलं, "भाऊ, इथं तुम्हाला कोणी विचारणार नाही."

"कोलंबोतही पंधरा वर्षं कोणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला, आणि पुढची ओळ वाचायला लागला.

साठ सालच्या मे महिन्यात रस्त्यांवर कमानी लागल्या. हे कशासाठी, असं त्यानं विचारलं. मराठी बोलणाऱ्यांचं स्वतंत्र राज्य झालं, मी सांगितलं. त्यानं मान डोलावली. महिन्याभरात त्यांनी सामान बांधलं. मद्रासला जायचं ठरलं होतं.

टांगा दारात उभा असताना आईनं विचारलं, "काहून चालले गा भाऊ? कोणी काही म्हटलं का तुमाले?"

"नाही आई," तो म्हणाला. "कोणीच काही म्हटलं नाही. पण मुली मोठ्या होऊन राहिल्या."

आईनं मुलींच्या हातात लाडवांची पुडी दिली. अण्णा त्यांना पोचवायला स्टेशनवर गेले आणि उशिरापर्यंत परतले नाहीत.