दारणेच्या पाण्यातले पाय

इंग्रजी भाषेच्या हातापायांची, नाकाडोळ्यांची आणि दातांची जेवढी काळजी माझ्या ताईच्या सासऱ्यांनी वाहिली, तेवढी खुद्द इंग्रजांनीही वाहिली नसेल. देवळाली कॅम्पात लष्कराच्या एका कचेरीत त्यांची सगळी नोकरी झाली. हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर त्यांनी एकच काम हाती घेतलं. शरीराच्या अवयवांवरून आलेले इंग्रजी वाक्प्रचार गोळा करायचे, त्यांचे अर्थ लावायचे आणि ते मुळात आले कुठून याचा शोध घ्यायचा. मी त्यांना काका म्हणत असे. ते मला 'सर' म्हणत, कारण मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस आपल्याला सर म्हणतो याचा सुरुवातीला संकोच वाटला, मग सवय झाली, आणि पुढे पुढे ते मला योग्यच वाटायला लागलं. बिघडलं ते तिथेच.

काकांना ज्ञान एकट्याने खाता येत नसे. भाजीवालीने भेंडीचा भाव जरा चढा सांगितला की ते तिला 'पे थ्रू द नोज' समजावून सांगत. कुठल्याशा देशात म्हणे कर न भरणाऱ्याचं नाक चिरायचे, त्यावरून ते आलं. ती बाई नाकाला पदर लावायची आणि कोथिंबिरीची एक जुडी जास्त देऊन त्यांना वाटेला लावायची. दात काढायला गेले तेव्हा त्यांनी डॉक्टरांना विचारलं की थोडक्यात बचावल्यावर 'बाय द स्किन ऑफ माय टीथ' असं म्हणतात, तर दातांना कातडी नेमकी कुठे असते. तो तरुण डॉक्टर बिचारा बॅटरी घेऊन खरोखरच शोधायला लागला, आणि बाहेर गाल धरून बसलेले तीन पेशंट ताटकळले. एकदा द्वारकेच्या चौकात आमची रिक्षा अडकली असताना त्यांनी रिक्षावाल्याला मानेला मान लावून धावणाऱ्या शर्यतीच्या घोड्यांवरून निघालेलं 'नेक अँड नेक' ऐकवलं. तो मागे न बघता म्हणाला, "बाबा, इथं मान काय, आरसा पन घुसंना." काका इतके खूश झाले की घरी पोचेपर्यंत तेच वाक्य घोळवत होते. फक्त 'कोल्ड शोल्डर'पाशी त्यांची पंचाईत होई. नको असलेल्या पाहुण्याला गार मटणाचा खांदा वाढायचे, ही त्यामागची कथा काकूंच्या स्वयंपाकघराजवळ सांगायची सोय नव्हती, म्हणून घरच्या आवृत्तीत पाहुण्याला आदल्या दिवशीचं थालीपीठ मिळे. काकू म्हणायच्या, "माझं डोकं दुखतंय म्हटलं तरी ह्यांना आधी इंग्रजी आठवतं, मग बाम."

पण या वेडात एक शिस्त होती, आणि ती मी तेव्हा ओळखली नाही. त्यांच्या लांबट वहीत प्रत्येक वाक्प्रचारापुढे तीनपैकी एक शेरा असे: 'खात्रीचं', 'बहुधा' किंवा 'ऐकीव'. नाक चिरण्याची गोष्ट ऐकीव होती. मटणाच्या खांद्यापुढेही त्यांनी ऐकीवच लिहिलं होतं. खात्रीचं असं पुऱ्या वहीत फार थोडं होतं. त्यात त्यांचा सगळ्यात लाडका शब्द होता 'डूलॅली'. गोऱ्या सैनिकांची मुदत संपली की ते देवळालीच्या छावणीत बोटीची वाट बघत महिनोन् महिने पडून असायचे, त्यात काहींचं डोकं फिरायचं, म्हणून इंग्रजीत डोकं फिरलेल्याला आमच्या देवळालीचं नाव मिळालं. आपल्या गावाने इंग्रजीला एक शब्द दिला याचा त्यांना मुलाच्या नोकरीएवढा अभिमान होता. पण त्या शब्दात अवयव नव्हता. तो वहीत बसवायला त्यांना डोक्याचा आधार घ्यावा लागे, आणि ही हातचलाखी त्यांना टोचायची. एखादा चांगला धडधाकट अवयव देवळालीतून गेलेला सापडला असता तर, असं ते नेहमी म्हणत.

त्या सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा माझ्यापुढे तपासायच्या पेपरांचा ढीग होता. घाबरून ऐन वेळी माघार घेण्याला 'कोल्ड फीट' का म्हणतात, एवढंच त्यांना हवं होतं. मला ते माहीत नव्हतं. माहीत नाही म्हटलं असतं तर काम तिथेच संपलं असतं. पण ते 'सर' म्हणणं माझ्या डोक्यात बसलं होतं, आणि थोडी गंमत करायचीही लहर आली. मी सांगितलं की काका, हे तर तुमच्या देवळालीतलंच आहे. नव्या गोऱ्या रंगरुटांना थंडीत भल्या पहाटे दारणा नदीत गुडघाभर पाण्यात उभं करायचे, जो आधी बाहेर पळेल त्याचे पाय गारठले म्हणायचे. बोलता बोलता मी एका पलटणीचं नावसुद्धा रचलं. पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग काका हलकेच म्हणाले, "सर, तुम्ही सांगताय म्हणजे खात्रीचंच लिहितो."

मी हसत हसत फोन ठेवला. बायकोलाही ती गंमत सांगितली. ती हसली नाही.

महिन्याभराने काकांनी ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात आपल्या वाक्प्रचारांवर भाषण ठेवलं आणि मला आग्रहाने बोलावलं. विषय 'कोल्ड फीट'पर्यंत जाणार नाही अशी माझी आशा होती. पण तेच त्यांनी शेवटासाठी राखून ठेवलं होतं. इस्त्रीच्या कोटात उभे राहून, दारणेच्या पाण्यात थरथरणारे रंगरूट ते असे रंगवत होते की पुढच्या रांगेतल्या आजींनी पाय वर घेतले. टाळ्या पडल्या. मग एक निवृत्त लष्करी अधिकारी उठले आणि अगदी सभ्यपणे म्हणाले की देवळालीचा इतिहास त्यांनी बराच वाचला आहे, काकांनी सांगितलेल्या नावाची पलटणच तिथे कधी नव्हती. हा वाक्प्रचार बहुधा अमेरिकेतला, त्याचं मूळ कुणालाच नीट ठाऊक नाही. तुम्हाला हे मिळालं कुठे, असं त्यांनी विचारलं.

मी तिसऱ्या रांगेत होतो. काकांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर मी उभा राहिलो असतो, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगितलं. त्यांनी पाहिलं नाही. जाणूनबुजून पाहिलं नाही. कागद नीट जुळवत ते म्हणाले, "माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल. वय झालं आता." मागून कुणीतरी, काका डूलॅली झाले, असं म्हटलं आणि सभागृह हसलं. मी उठलो नाही. बाहेर आल्यावर भाषण छान झालं, असं मी त्यांना म्हणालो, आणि त्यांनी माझे आभार मानले.

त्यानंतर ते मंडळात गेले नाहीत. बाबा गप्प गप्प असतात, असं ताई सासऱ्यांबद्दल सांगायची. मला तिथे जायला तीन आठवडे लागले. काकू देवळात गेल्या होत्या, ताई कामावर. काका खिडकीशी बसले होते. मी खुर्चीच्या कडेला टेकून सगळं सांगून टाकलं. ती गोष्ट मी रचली होती, पलटणही रचली होती, आणि सभेत मी भित्र्यासारखा बसून राहिलो, हेही सांगितलं.

"का पण?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. एखाद्या वाक्प्रचाराचं मूळ विचारावं तसं.

 घाईत होतो, असं काहीतरी मी पुटपुटलो.

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग त्यांनी मला त्यांच्या नोकरीतला पहिला महिना सांगितला. निफाडकडच्या खेड्यातून, मराठी शाळेतून आलेला पोरगेला कारकून. एक साहेब जड पेटी उचलताना त्यांना 'गिव्ह मी अ हँड', म्हणजे जरा हात लाव, म्हणाला. काकांनी धावत जाऊन, हात पँटला पुसून साहेबाशी हस्तांदोलन केलं. निवृत्तीच्या दिवसापर्यंत कचेरीत त्यांना 'शेकहँड' म्हणत.

"म्हणून हे सगळं सुरू केलं," ते म्हणाले. "त्या दिवशी सभेत लोक हसले ना सर, ते हसू मला ओळखीचं वाटलं."

मी मान वर करू शकलो नाही. त्यांनीच उठून मला पाणी आणून दिलं. गोष्ट मात्र चांगली जुळवली होती तुम्ही, असं म्हणाले, आणि देवळालीचा माणूस असल्यामुळे आपल्यालाही ती खरी हवी होती, हेही त्यांनी कबूल केलं. नंतर वर्षभर आमचं जाणंयेणं चांगलं राहिलं. ते मला पुढेही सर म्हणत. मी दोनदा नको म्हणालो. ते नुसते हसले.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. त्यांनी घरात कुणालाच माझं नाव सांगितलं नव्हतं, हे मला दिवसकार्याच्या वेळी कळलं. ताई आलेल्यांना सांगत होती की बाबांना त्या भाषणाच्या वेळी कुणीतरी फसवलं, कोण ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. अजूनही विषय निघाला की ती हेच सांगते, आणि मी शेजारी बसून मान हलवतो.

आता हे लिहिलेलं ती वाचेल.